एका कानात गायक, दुसऱ्या कानात बँड: जुन्या कंट्री रॉक लाइव्ह टेप्स अशा का वाजतात

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांचा घोळ नको. विचारणाऱ्यांनी फ्लाइंग बरिटो ब्रदर्सचं १९६९ चं ॲव्हलॉन बॉलरूममधलं लाइव्ह ऐकलं, वेड लागलं, मग ते टेप करणाऱ्याच माणसाचं म्हणून कंट्री गायक जॉनी कॅशचं १९६८ चं कॅरोसेल बॉलरूमचं लावलं, तर हेडफोनमध्ये कॅश एका कानात आणि बँड दुसऱ्या कानात. फाइल बिघडलीय का? दुसरं, इतक्या भारी टेप्स होत्या तर चाळीस-पन्नास वर्षं कुठे पडल्या होत्या आणि 'रीस्टोअर' करतात म्हणजे नेमकं काय करतात. आणि तिसरं, यांचे काका १९७३ मध्ये लाँग आयलंडला शिकायला होते, त्यांनी रेडिओवरून स्पूलवर काही कार्यक्रम धरून ठेवलेत, त्यांचं काय करायचं.

फाइल चांगली आहे. ती टेप मुळात तशीच आहे आणि तशी का आहे हे कळलं की ॲव्हलॉनचं रेकॉर्डिंगसुद्धा तुम्ही वेगळ्या कानानं ऐकाल.

मी बावीस वर्षं स्पूल आणि कॅसेटवरून डिजिटल ट्रान्सफरचं काम करतोय. पोटापाण्याचं काम म्हणजे खासगी मैफिली, कीर्तनं, नाटकांचे प्रयोग, कुणाच्या आजोबांची भाषणं. अमेरिकन कंट्री रॉक हा निव्वळ शौक, पण टेप ही टेपच असते, तिला काय माहिती तिच्यावर नाट्यपद आहे की पेडल स्टील (आडवी ठेवून, पायाच्या पेडलांनी सूर ओढत वाजवायची गिटार). त्यामुळे या जुन्या बँड्सची एखादी अर्काइव्ह रिलीज आली की मी आधी गाणी बघत नाही, आधी बघतो की आवाज कुठल्या वायरीतून टेपवर गेला. सगळं तिथंच ठरतं.

आता तो माणूस. ऑस्ली स्टॅनली, जन्म १९३५, सगळे त्याला बेअर म्हणायचे. जगाला तो माहीत आहे एलएसडी हे नशेचं रसायन बनवणारा म्हणून, पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तो ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा साउंडमन होता आणि ज्या रात्री मिक्सरवर बसायचा त्या रात्री शेजारी टेप चालू ठेवायचा. त्याला तो सॉनिक जर्नल म्हणायचा, म्हणजे आवाजाची रोजनिशी. आज मी काय केलं, कुठे चुकलो, कुठला माइक बरा लागला हे नंतर ऐकून तपासायला. हे वाक्य नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावर आहे: या टेप्स विकायला केलेल्याच नव्हत्या. स्वयंपाक करणाऱ्यानं आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटावा तसं ते होतं, पानात वाढायचं ताट नव्हे.

आता १९६८ चे हॉल कसे असायचे ते डोळ्यापुढे आणा. स्टेजवर गिटारचे ॲम्प्लिफायर आहेत, ते स्वतःच इतके जोरात की त्यांना पीए सिस्टिमची, म्हणजे हॉलच्या लाउडस्पीकरांची, फारशी गरज नाही, ड्रम तर काय उघडेच. गरज कुणाला, तर गळ्याला. म्हणून मिक्सरमधून जे जातं त्यात आवाज भरपूर आणि बाकीचं जरुरीपुरतं. मिक्सरवरून थेट टेप केली की अशी टेप हमखास गायकानं भरलेली निघते आणि ड्रम मागच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. कॅशच्या त्या २४ एप्रिल १९६८ च्या टेपमध्ये बेअरनं एक चॅनल गळ्याला दिला आणि एक बँडला. दोन ट्रॅकची टेप, म्हणजे दोनच कप्पे, एकात हे, एकात ते. नंतर ऐकताना त्याला दोन्ही सुटं सुटं तपासता येणार. हॉलमधल्या माणसाला मात्र दोन्ही एकत्रच ऐकू यायचं, कारण ते हवेत मिसळायचं. टेपवर हवा नाही. तुमच्या हेडफोनमध्ये तर अजिबातच नाही, एक कप्पा थेट एका कानाला चिकटवलाय आणि दुसरा दुसऱ्याला.

ही तक्रार काही नवीन नाहीये. बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनीची, म्हणजे जॅनिस जॉप्लिन ज्यात गायची त्या बँडची, त्याच कॅरोसेलमधली १९६८ ची टेप २०१२ ला बाहेर आली तेव्हा बेअरचा सल्ला सोबत होता की दोन्ही स्पीकर एकमेकांना लागून ठेवा. लोक हसले. मी करून बघितलं, माझ्या कामाच्या खोलीतले दोन मॉनिटर टेबलावर शेजारी शेजारी आणले, मधे बोटभर फट, आणि पाच-सहा फूट मागे जाऊन उभा राहिलो. खरंच सांगतो, एकदम हॉल उभा राहतो. डावं-उजवं गायब होतं आणि पुढं-मागं सुरू होतं. तुमच्याकडे स्पीकर नसतील तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथं मोनो ऑडिओ (दोन्ही कप्पे एकत्र करून दोन्ही कानांना तेच) असा पर्याय अँड्रॉइडला पण असतो आणि आयफोनला पण, तो चालू करा. हेडफोनपुरता तोच इलाज. कॅशचं त्यानं नव्वद टक्के सुटेल. (नंतर बंद करायला विसरू नका, मी एकदा विसरलो आणि आठवडाभर सगळी दुनिया मोनो झाली म्हणून हेडफोनवाल्याला शिव्या देत होतो.)

बरं, आता बरिटो. ही बँड १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमननं काढली, दोघंही बर्ड्स या बँडमधून बाहेर पडलेले. बेसवर ख्रिस एथ्रिज, पेडल स्टीलवर स्नीकी पीट क्लाइनो, आणि ड्रमवर पुढं मायकल क्लार्क आला, तोही जुना बर्ड्सवालाच. पहिली रेकॉर्ड फेब्रुवारी १९६९ ची, आज तिला कंट्री रॉकचा पायाचा दगड म्हणतात, तेव्हा मात्र बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत ती १६४ च्या वर सरकली नाही. आणि लाइव्ह म्हणाल तर यांची ख्याती अशी की स्टेजवर नुसता गोंधळ, कोण कधी सुरात असेल सांगता येत नाही, पार्सन्स तर फारच बेभरवशाचा. वर्षानुवर्षं पुस्तकं-मासिकांतून हेच छापून आलं आणि ते तपासायला धड टेप कुणाकडे नव्हती.

मग २००७ मध्ये अमीबा रेकॉर्ड्सनं दोन सीडींचा संच काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सटर स्ट्रीटवरचा ॲव्हलॉन बॉलरूम, ४ एप्रिल आणि ६ एप्रिल १९६९. दोन्ही रात्री मुख्य बँड ग्रेटफुल डेड आणि बरिटो त्यांच्या आधी वाजणारे. म्हणजे बघा कसं आहे, बेअर तिथं होता तो डेडसाठी. आधीची बँड आली, मिक्सर तोच, टेप चालूच. कुणी मुद्दाम बरिटोंना टेप करायला गेलं नव्हतं. ती रील्स डेडच्या टेप्समध्ये पडून राहिली आणि पुढं अमीबाच्या डेव्ह प्रिन्झनं बेअरचं मन वळवून ती बाहेर काढली.

१९६९ च्याच फेब्रुवारीत बर्ड्सचं पण असंच काहीसं. ७ आणि ८ फेब्रुवारी १९६९, फिलमोर वेस्ट (हे म्हणजे तेच कॅरोसेल, १९६८ च्या उन्हाळ्यात कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमनं घेऊन नाव बदललं). तिथंही पाटीवरचं मोठं नाव गिटारवाल्या माइक ब्लूमफिल्डचं. ती टेप बाहेर यायला २००० साल उजाडलं. आपल्याकडे पण हे बघितलंय मी, मोठ्या बुवांच्या मैफिलीची टेप म्हणून येते आणि रीलच्या सुरुवातीला शिष्याचा पाऊण तास असतो, आणि आज त्या शिष्याचं नाव बुवांपेक्षा मोठं झालेलं असतं. घरच्यांना पत्ताच नसतो. डब्यावर नाव फक्त बुवांचं.

ॲव्हलॉन ऐकताना एक गोष्ट धरा. या बँडमध्ये लीड गिटारवाला असा नाहीच. हिलमन बेस सोडून ऱ्हिदम गिटारवर आलेला, पार्सन्स गिटार किंवा पियानो. मग लीडचं सगळं ओझं एकट्या स्नीकी पीटच्या स्टीलवर. हा माणूस मूळचा ॲनिमेशनवाला, गम्बी नावाच्या मातीच्या बाहुलीच्या मालिकेत काम केलेला, फ्रेम फ्रेमनं बाहुली हलवणारा, आणि स्टील मात्र असं वाजवायचा की कंट्री संगीताची पंढरी असलेल्या नॅशव्हिलच्या सोवळ्या लोकांनी नाक मुरडावं. फेंडरचं आठ तारांचं केबलवालं पेडल स्टील आणि त्याला फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं यंत्र. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर त्यानं स्टीलचे एकावर एक थर चढवलेत. ॲव्हलॉनला थर नाहीत, दोन हात, दोन पाय आणि गुडघे, बस. तरी जागा भरून निघते. कधी फिडल, कधी ऑर्गन, कधी चावऱ्या गिटारसारखं. आणि थेट टेप असल्यामुळे त्याचा फुल स्टॉप, श्वास, पेडल सोडतानाचा सूर उतरणं हे सगळं तोंडासमोर. गाणीही बघा, बक ओवेन्सनं गाजवलेलं एक, हँक विल्यम्सचं एक, लिटल रिचर्डचं एक, स्वतःची आहेतच. हिप्पींच्या हॉलमध्ये डेडची वाट बघत बसलेल्या पोरांपुढे हे वाजवणं म्हणजे लावणीच्या फडात भजन लावण्यासारखं, पण टाळ्या ऐका, पोरं ऐकतायत.

आणि गोंधळ? आहे थोडा. हार्मनीत पार्सन्स मधेच घसरतो, हिलमन त्याला सांभाळून घेतो, हे पण स्पष्ट ऐकू येतं कारण गळे टेपवर पुढे आहेत. पण ही 'बेकार लाइव्ह बँड' नाही, निदान त्या दोन रात्री तरी नाही. माझ्या मते एवढ्या एका टेपनं तीस-पस्तीस वर्षांचं छापील मत हलवलं, म्हणून तिची किंमत. गाण्यांसाठी तर आहेच.

आता दुसरा प्रश्न, पडून का राहतात. एक कारण तुम्हाला वर कळलंच, डब्यावर नाव दुसऱ्याचं. दुसरं हक्कांचं लफडं. रील ज्याच्या कपाटात तो रीलचा मालक, पण वाजवलं दुसऱ्यांनी, त्यांचा करार तिसऱ्या कंपनीशी, गाणी चौथ्याची. आणि अमेरिकेत गंमत म्हणजे १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्राचा कॉपीराइट कायदा लागूच नव्हता, ज्या त्या राज्याचं ज्याचं त्याचं, ते २०१८ च्या नव्या कायद्यानं जरा रांगेला आलं. त्यात मेलेल्यांचे वारस आले. पार्सन्स १९ सप्टेंबर १९७३ ला गेला, वय २६. क्लाइनो जानेवारी २००७ मध्ये गेला, म्हणजे ॲव्हलॉन बाहेर आलं त्याच वर्षी. बेअर स्वतः मार्च २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात गाडीच्या अपघातात गेला. त्याच्या नावानं निघालेलं फाउंडेशन त्याची १३०० च्या वर रील्स वाचवायचं काम करतंय, आणि ते कॅशचं २०२१ ला बाहेर आलेलं त्याच कामातलं.

'रीस्टोअर' बद्दल आता सांगतो, हे माझं अंगण.

रील हातात आली की मी पहिलं ती वाजवत नाही. डबा उघडून वास घेतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट टेप (ॲसिटेट आणि पॉलिस्टर हे टेपच्या पट्टीच्या प्लॅस्टिकचे दोन प्रकार) सडायला लागलीय. मग रील उजेडासमोर आडवी धरतो, गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, अंधार दिसला तर पॉलिस्टर. याला महत्त्व आहे कारण ॲसिटेट तुटते ती कटकन तुटते, सरळ जोडता येते, पॉलिस्टर तुटायच्या आधी ताणते आणि ताणलेला आवाज परत येत नाही. लोकांना वाटतं जितकी जुनी तितकी वाईट. उलट आहे! १९६८-६९ च्या बऱ्याच टेप्स आजही मजेत वाजतात आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या, मागून काळा लेप दिलेल्या काही नामांकित टेप्स चिकट होऊन हेडला बिलगतात, कारण त्यातला गोंद हवेतलं पाणी पितो. त्यांना मग साधारण ५४ अंश सेल्सियसला आठ-आठ तास भाजावं लागतं. हो, भाजावं लागतं, मी फळं सुकवायचं यंत्र वापरतो. पण ॲसिटेट चुकूनही भाजायची नाही, वाकडी होऊन बसते. आपल्याकडे मुंबई-कोकणची बुरशी हा वेगळाच विषय, त्यावर लिहीत बसलो तर रात्र होईल.

मग हेडचा कोन. याला अझिमथ म्हणतात. ज्या मशीनवर टेप झाली त्याचं हेड केसभर तिरकं असेल तर माझं पण तेवढंच तिरकं करावं लागतं, नाहीतर वरच्या पट्टीतला सगळा आवाज मेणचटतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत लावायचं, स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, आणि अगदी पाव पाव फेरा... झांज आधी कापडाखाली असते, मग कापड उचलल्यासारखं होतं, आणि अजून थोडं फिरवलं की परत खाली जाते. मधला तो बिंदू पकडायचा. बावीस वर्षं झाली, अजून त्या क्षणाला अंगावर काटा येतो. आणि हे जर ट्रान्सफरच्या वेळी चुकलं तर नंतर कॉम्प्युटरवर कितीही बटणं दाबा, गेलेलं ते गेलं. म्हणून रिलीजच्या पाठीवर 'रीमास्टर्ड' लिहिलेलं असलं की मला त्यातून काही कळत नाही. कुठल्या पिढीच्या टेपवरून घेतलं, मूळ रीलवरून की नकलेच्या नकलेवरून, हे लिहिलं असेल तर कळतं.

वेग हे अजून एक प्रकरण. मशीन जरा जोरात पळालं असेल तर सगळा बँड चढ्या सुरात येतो. मैफिलीत तानपुरा आणि पेटी असते, कुणाला तरी माहीत असतं बुवा कुठल्या पट्टीत गायचे. पेडल स्टील तर घसरत्या सुरांचं वाद्य, त्यावर काय भरवसा ठेवणार. तेव्हा मदतीला येते ती वीज. स्टेजवरच्या वायरींत मेनची घरघर शिरलेली असते, अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. टेपवर ती ६१.२ ला सापडली तर समजायचं टेप दोन टक्के जोरात आहे, म्हणजे अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांश चढी. ज्या घरघरीला सगळे शिव्या देतात तिलाच मी आधी शोधतो. मोठ्या कामांत याच्याही पुढं जातात, टेप करताना मशीन एक ऐकू न येणारा खूप उंच बायस सूर टेपवर टाकतं, तो वाचून टेपची प्रत्येक बारीक थरथर सरळ करतात. प्लँजंट प्रोसेसेस नावाची पद्धत आहे ती, डेडच्या बऱ्याच टेप्सवर वापरलीय. फरक तुम्हाला पियानोच्या लांब सुरात कळेल, आधी पाण्यावर तरंगल्यासारखा, नंतर जमिनीवर.

आणि मग येतो सगळ्यात मोठा मोह, हिस, म्हणजे टेपची सततची सूंऽऽ अशी खरखर, काढायचा. इथं माझी स्वतःची एक नामुष्की सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरची खासगी मैफल आली, खरखर खूप. नवीन सॉफ्टवेअर घेतलेलं, हात शिवशिवत होते. अशी धुतली, अशी धुतली, आरशासारखी. घरातले आजोबा ऐकायला आले, पाच मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "छान झालंय हो, पण तंबोरा कुठे गेला?" तंबोरा हिसबरोबर वाहून गेला होता. जवारीची जी सतत झिणझिण असते ती सॉफ्टवेअरला हिसच वाटली. सगळं परत केलं, फुकट.

स्टीलचं हुबेहूब तसंच होतं. स्टीलवाला उजव्या पायानं व्हॉल्यूम पेडल सांभाळतो, सूर छेडला की हळूहळू आवाज वाढवत नेऊन तो धरून ठेवतो आणि मग विझू देतो. विझताना शेवटचा सेकंद-दीड सेकंद तो सूर हिसच्या खाली गेलेला असतो, पण आपला कान त्याला हिसच्या आतूनही ऐकत राहतो, अंधारात ओळखीचा माणूस चालीवरून कळतो ना, तसं. सॉफ्टवेअर तिथं कात्री लावतं. सूर विझत नाही, तुटतो. त्यामुळे एखादी जुनी कंट्री रॉक टेप फार स्वच्छ वाटली की मी संथ गाणं काढतो, स्टीलची शेवटची ओढ ऐकतो. ती शेवटपर्यंत जात असेल तर करणाऱ्याला कळत होतं. तुटत असेल तर हिसवाली जुनी बूटलेग, म्हणजे चोरून काढलेली नक्कल, बरी.

जाता जाता 'लाइव्ह' या शब्दाबद्दल, कारण प्रश्नात तुम्ही ईगल्स या बँडचं पण नाव घेतलंत. ईगल्सचा १९८० चा अधिकृत लाइव्ह अल्बम आणि २०१७ ला 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या चाळिशीच्या संचात आलेला ऑक्टोबर १९७६ चा लॉस एंजेलिस फोरमचा कार्यक्रम हे शेजारी ठेवून ऐका. ८० च्या अल्बमच्या वेळी बँड फुटलेली, काही जण एका किनाऱ्यावर आणि काही दुसऱ्या, आणि हार्मनीची दुरुस्ती टेप कुरियरनं इकडून तिकडे पाठवून झाली, हे खुद्द निर्माता बिल शिमचिक यानंच चेष्टेत सांगितलंय. मला त्यात पाप वाटत नाही, विकायचं ताट आहे ते, सजवणारच. फक्त बेअरच्या टेपला आणि त्याला एकाच तराजूत घालू नका. बर्ड्सचं फिलमोरचं या दोन्हींच्या मधलं, कंपनीनं अनेक ट्रॅकवर टेप केलेलं, म्हणून नंतर बसून नीट मिसळता आलं, आणि बर्ड्सचा गिटारवाला क्लॅरन्स व्हाइट याची ती तार ओढणारी गिटार बरोबर जागेवर बसली. तो आणि ड्रमर जीन पार्सन्सनं (ग्रॅमचा कुणी नाही, नुसतं आडनाव तेच) गिटारमध्येच यंत्र बसवलेलं, पट्टा खाली ओढला की बी तार एक सूर वर जाते, म्हणजे गिटारमध्ये स्टीलचा भास. ॲव्हलॉननंतर हे ऐका, खरं स्टील आणि हा भास दोन्ही एका महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरातले, शहरसुद्धा तेच.

आता काका. तिथं मी खुर्चीवरून उठलोच जरा. कारण ग्रॅम पार्सन्सची शेवटच्या वर्षातली बँड, फॉलन एंजल्स, सोबत गायिका एमिलू हॅरिस, यांनी १३ मार्च १९७३ ला लाँग आयलंडच्याच हेम्पस्टेडमध्ये अल्ट्रासॉनिक स्टुडिओत डब्ल्यूएलआयआर या रेडिओ स्टेशनसाठी कार्यक्रम केला होता. तो पुढं १९८२ ला सिएरा रेकॉर्ड्सनं बाहेर काढला, तुम्हाला बाजारात मिळेल, आणि ऐकाच, कारण रेडिओसाठी बसून मिसळलेलं असल्यामुळे त्यात बेअरसारखा दोन कप्प्यांचा प्रकार नाही, दोघांचे गळे शेजारी शेजारी. काकांनी तेच धरलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी, त्या बेटावर, रेडिओला स्पूल लावून बसलेला माणूस म्हटल्यावर एवढी आशा करायला काय हरकत आहे.

तर कृपा करून एक करा, ते स्पूल घरातल्या जुन्या मशीनवर 'बघू तरी काय आहे' म्हणून लावू नका. पन्नास वर्षं पडलेल्या मशीनचे रबरी रोलर डांबर झालेले असतात आणि ब्रेक लागला की टेप ताणते. पुढं-मागं पळवूही नका. ज्या अवस्थेत आहे तसंच उभं ठेवा, आडवं एकावर एक रचू नका, लोखंडी कपाट चालेल पण स्पीकरजवळ नको. टेप शेवटापासून गुंडाळलेली असेल, म्हणजे उलटी, तर ती चूक समजून सरळ करायला जाऊ नका. तशी ठेवली की शेजारच्या वेढ्यावरचा आवाज उमटून गाणं सुरू व्हायच्या आधी जो भुतासारखा बारीक पडसाद येतो तो निदान गाण्यामागं लपतो. काकांनी मुद्दाम केलं असेल तर काका जाणकार. एफएमवरून केलेल्या टेपवर नशीब असेल तर स्टिरिओचा १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर पण सापडतो, वेग जुळवायला सोन्यासारखा, फक्त ट्रान्सफर ९६ किलोहर्ट्झ २४ बिटला करणाऱ्याकडेच द्या, एमपी३ करून देतो म्हणणाऱ्याकडे नको.

आणि आधी डब्यांच्या पाठीचे फोटो टाका. काकांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असणारच, तारीख, स्टेशन, वेग, अर्धवट पुसलेलं असलं तरी चालेल, तिरप्या उजेडात धरून काढा म्हणजे पेन्सिलीचा दाब दिसतो.